ट्राउटच्या घरचं कार्य

या, जरा जवळ सरकून बसा. तिथे दाराशी अर्धं अंग बाहेर ठेवून बसलात तर मी ओरडून किती बोलू? आणि आलात केव्हा, तर मधे दोन दिवाळ्या घालवून. असू दे. तो फोन पालथा ठेवा आणि माझ्या हाताकडे बघा. असा उजवा हात पुढे करायचा, तळवा खाली, आणि बाळाला थोपटावं तसं हवेतच थोपटायचं. मग हळू आवाजात म्हणायचं, "आज नको. आज त्यांच्या घरी कार्य आहे."

ही आमच्या एका शेजारणीची सवय. 'त्यांच्या' म्हणजे गार ओढ्यातल्या ट्राउट माशांच्या. त्यांचे अंडी घालायचे दिवस आले की पानं रंगल्यापासून ती झडेपर्यंत ही बाई सगळ्यांना हेच सांगत फिरायची.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. कुणी त्याचं कौतुक केलं की आपण हसून "हो ना" म्हणतो आणि पोटात दुखायला लागतं. माझ्या वाट्याला आलेलं माणूस इथे अमेरिकेत, ॲशबर्नमध्ये आमच्याच रांगेत, तीन दारं सोडून राहत होतं. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही म्हणत असे. नागपूरची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर मॉरिसव्हिलला. आयुष्य इस्पितळाच्या औषधखात्यात काढलं, आणि तिथल्याच कुणा म्हाताऱ्या सहकाऱ्यानं तिला हा मासे धरून परत सोडायचा नाद लावला. पिसांच्या खोट्या माश्या बांधायच्या, त्या गळाला लावायच्या, छातीपर्यंतची रबरी तुमान चढवून ओढ्यात उभं राहायचं. गणपतीच्या आरतीला यायची तेव्हाही गाडीच्या टपावर गळाच्या काठ्या बांधलेल्या असायच्या.

आता मी कुठली, तर वेंगुर्ल्याची. माशाचा डोळा बघून तो आजचा की कालचा ते सांगेन. आणि ही नागपूरकरीण. गावाला समुद्र नाही, तोंडाला मासा नाही, अंडंसुद्धा खायची नाही. तरी इथल्या मराठी मंडळात कुणालाही विचारा, माशातलं कुणाला कळतं, तर तिचं नाव घेणार. माझ्या हातचं माशांचं सुक्कं खाऊन ढेकर देणारे लोकसुद्धा. आता सांगा, मी जळायचं नाही तर काय करायचं?

पण हेही मी गिळलं असतं. आमच्या ह्यांच्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा घास अडकला.

हे इंजिनिअर. ॲशबर्नभर त्या बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती आहेत ना, डेटा सेंटरच्या, त्यांतली यंत्रं थंड ठेवायचं काम ह्यांनी केलं. रिटायर झाले आणि ह्यांचं बोलणंच आटलं. चहा ठेवू? हूं. पोळी वाढू? पुरे. मुलाचा फोन आला तरी मलाच द्यायचे. मी बडबडी, दोघांचं मीच बोलायचे, पण भिंतीशी तरी किती बोलणार?

एका गणपतीला पंगत बसली होती. ताई ह्यांच्या शेजारी. तिनं सहज विचारलं, "भाऊजी, वर झाडांची सावली असली तर ओढ्याचं पाणी दुपारी किती तापत असेल हो?"

ह्यांच्या हातात मोदक होता, तो तसाच राहिला. पाणी कसं तापतं, खालच्या झऱ्याचं पाणी मिसळलं तर काय होतं, दगड उष्णता कसे धरतात. बोलतच सुटले. मी वाढता वाढता ऐकत होते. मला वाटलं, हा आवाज मी किती दिवसांत ऐकला नाही.

तुम्ही भलतंसलतं मनात आणू नका. तसली जळफळ नव्हती माझी. दोघंही सत्तरीची, गुडघे धरून चालणारी. हे तिला ताई म्हणायचे आणि मानायचेही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या वाट्याला हूं आणि तिच्या वाट्याला वाक्यं. त्या गणपतीपासून दर शनिवारी दोघं काठ्या घेऊन डोंगरातल्या ओढ्यावर जायची, आणि आल्यावर फोनवर पुन्हा त्याच पाण्याबद्दल बोलायची.

एकदा मी तिला धरलंच. "ताई, खायचं नाही, विकायचं नाही. धरायचं आणि सोडायचं. मग धरता कशाला? त्याच्या तोंडाला टोचतं ते टोचतंच ना?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "टोचते वहिनी. खोटं काहून बोलू? सुटत नाही मला, एवढंच. म्हणून निदान त्यांच्या अंडी घालायच्या दिवसांत तरी नको म्हणते."

"कायद्यानं बंदी आहे का?"

"आमच्या ओढ्यावर नाही. चालते."

"आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात घालत नाही."

"पाहा बाप्पा," ती म्हणाली, "तुमच्याकडे तर आधीपासूनच आहे. मला तर म्हातारपणी सुचलं."

घ्या. बोलायला गेले एक, आणि माझंच गाव तिनं माझ्यापुढे वाढून ठेवलं. वर हे मान हलवताहेत.

ऑक्टोबर आला. तिनं काठ्या गॅरेजमध्ये टांगल्या. मी मनात म्हटलं, सुटले. तर शनिवारी दोघं पुन्हा निघाली, बिनकाठीची. नुसतं बघायला. संध्याकाळी हे घरी आले ते रिकाम्या हातानं आणि चेहरा लग्नाला जाऊन आल्यासारखा.

त्या दिवशी मी म्हटलं, "मला गाबोळी हवी. ताज्या माशाच्या पोटातली अंडी. इथे आल्यापासून चव नाही तोंडाला. मासे पोटुशी आहेत म्हणता, मग आणा एक. कायद्यानं चालतं असं तुमच्या ताईच म्हणाल्या."

चार दिवसांनी हे एकटेच काठी घेऊन गेले. दुपारी परत आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, पिशवी रिकामी.

"मिळाला नाही?"

"समोर होता. नाही टाकवला गळ."

बायकोनं जन्मात एक मासा मागितला, आणि दुसऱ्या बाईच्या शब्दासाठी ह्यांना गळ टाकवेना. मी भाजीला फोडणी दिली ती तेल उडेल अशी दिली.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. ताई. हातात प्लास्टिकची पिशवी, अंगापासून लांब धरलेली.

"वहिनी, घ्या. गाबोळी. कोरियन दुकानातली, गोठवलेली. कोणत्या माशाची ते मला काही वाचता आलं नाही."

"तुम्ही आणली? तुम्ही?"

"हातमोजे घालून आणली."

म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, "ह्या माशाची नाही का हो माया? हीसुद्धा पोटुशीच असणार."

"असेल ना. तिच्यापाशी मला पोचता नाही आलं. आता ह्यातून कोणी पोहणार नाही, म्हणून घेतली. ओढ्यातल्या अंड्यांतून पिल्लं पोहतील." आणि गेली. आत यायलासुद्धा थांबली नाही, बहुधा वासानं.

गाबोळी केली. हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ, वर तांदळाचं पीठ, मंद आचेवर. मी सांगते, सुरेख झाली होती. "गाबोळी फार छान झालीय," असं हे म्हणालेही. तिला, फोनवर.

मग मी ठरवलं, येत्या शनिवारी आपण जायचंच. मासे धरत नाहीत, खात नाहीत, मग तिथे असतं काय ते तरी बघू.

डोंगरातला लहानसा ओढा. पाणी जेमतेम पोटरीएवढं, आणि असं स्वच्छ की काचच. ताई काठी टेकत पुढे आणि मागे वळून सांगतेय, "वहिनी, पांढुरक्या खड्यांवर पाय नाही हं. तिथे अंडी असतात खाली." तळाचे सगळे दगड शेवाळानं काळपट, आणि मधेच ताटाएवढी जागा घासूनपुसून उजळ केलेली. त्या जागेवर मादी. अंगावर पिवळे ठिपके, पंखांना पांढरी किनार. कुशीवर वळायची, शेपटीनं सपसप खडे उडवायची, पुन्हा सरळ व्हायची. उंबऱ्याशी सारवताना बाई दम खाते ना, तशी. बाजूला नर. पोट केशरी. जवळून काडी वाहत गेली तरी धावून जायचा.

एवढ्यात खालून एक माणूस आला. नवी कोरी रबरी तुमान, हातात गळाची काठी, पाय टाकणार तो त्या उजळ खड्यांवरच. ताईचा हात आपोआप पुढे झाला आणि थोपटायला लागला.

"इट्स लीगल, मॅम," तो म्हणाला.

पुढचं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "आहेच. मी अडवणारी कोण? एकदा बघा, मग ठरवा." त्याला तिनं आपल्या शेजारी उभं केलं. आणि मग बोलले ते आमचे हे. खड्यांच्या फटींतून गार पाणी वाहतं, त्यावर ती अंडी हिवाळा काढतात, एक बूट पडला तर फटी बुजतात, अंडी चिरडतात. हातानं दाखवत, वाकून, कितीतरी वेळ. तो माणूस ऐकत राहिला, मग मान डोलावून काठावरूनच मागे फिरला. खरंच घरी गेला की वरच्या अंगाला जाऊन त्यानं गळ टाकला, देव जाणे.

मी माशांकडे बघतच नव्हते. ह्यांच्याकडे बघत होते.

ताई माझ्याजवळ येऊन दगडावर बसली. नराकडे बोट दाखवून म्हणाली, "पाहा वहिनी, ती राबून राहिली आणि हा नुसता हाकलून राहिला. खायचंही सुचत नाही त्याला."

टोमणा होता की काय, मला आजही कळलेलं नाही. चेहरा अगदी साधा. मी म्हटलं, "हाकलेल नाही तर काय. आपल्या पाटावर दुसरंच कुणी येऊन बसलं तर?"

ती हसली. खूप हसली, चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "भाऊजी माझ्याशी फक्त पाण्याचंच बोलतात, वहिनी. दुसरं काहीच नाही."

"तेच तर," मी म्हटलं. "माझ्यापाशी पाणी नाही."

ती सरकली, तिनं दगडावर मला जागा केली. आम्ही दोघी बसून राहिलो. ऊन गेलं तेव्हा ह्यांनीच हाक मारली. गाडीत मी विचारलं, "किती वेळ खणते हो ती?" हे म्हणाले, "हूं."

ह्या उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगी तिला मॉरिसव्हिलला घेऊन गेली. खोकी ह्यांनीच बांधली. मी पोळ्या दिल्या, लोणचं दिलं. खोटं बोलत नाही, गाडी वळणावरून गेली तेव्हा मला हलकं वाटलं.

आता पुन्हा पानं रंगलीत. शनिवारी हे उठतात, पेपर उघडतात, दुपारपर्यंत तोच असतो हातात. मीच म्हटलं, चला, आपण जाऊ. गेलो. मासे होते. मी विचारलं, "आज पाणी किती गार असेल?"

हे माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. "तुला खरंच जाणून घ्यायचंय?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही," म्हटलं. "तुम्ही बोलावं असं वाटतं."

ह्यांनी माझा हात धरला आणि घसरड्या जागेतून मला नीट काठावर आणलं. पण बोलले नाहीत.

म्हणून आता तो फोन उचला आणि मी सांगते ते लिहून ताईच्या मुलीला पाठवा. ताई, तुमची मुलगी हे तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा नीट ऐका. मासे आलेत. तुम्ही ओढ्यात उतरायचं नाही, काठावर मी खुर्ची टाकून देते. तुम्ही दोघं बोला काय बोलायचं ते. मला त्रास होईल, होऊ दे, त्याचं मी बघेन. जेवायला अळूची भाजी करते, मासळीचं भांडं त्याला लागणार नाही. पानं झडायच्या आत या, ताई. ह्याच शनिवारी जमत असेल तर ह्याच शनिवारी या.