विजयदुर्गच्या काकूची पिशवी

मंडळी, क्रूझ मजेची असेल, पण बॅगा भरणं म्हणजे वैताग आहे. सकाळपासून चौघांचं सामान कोंबतोय. बोरीवलीच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही.

त्यात आईने माझ्या बॅगेत एक पिशवी सारली. आत चहापूड, दोन साबण आणि एक लुगडं.

"हे काय गं?"

"बोट परत सुरू झाली ना? मगे विजयदुर्गाक थांबतलीच. ह्या काकूक दी."

ऐंशीच्या दशकात आम्ही बोटीनेच गावी जायचो. बॅगेत आमचे कपडे दोन, बाकी शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या घरी धाडलेल्या पिशव्या. विजयदुर्गला होडीतून उतरलो की काकू धक्क्यावर उभी असायची. पुढे बोटी बंद झाल्या.

"आई, ही बोट कुठेच थांबत नाही," मी वैतागून म्हटलं. "समुद्रात फिरते आणि परत मुंबईलाच येते."

तिने पिशवीची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "मगे माणसां उतरतत खंय?"

जागा करायला मी माझे बूट बाहेर काढलेत, पिशवी अजून बॅगेत आहे. तुम्ही काढली असती?