न्यायला कोण आलंय

मी सातवी शिकलेली. तरी खडकीत आमच्या वस्तीत बालवाडी चालवली, कारण पोरांना धरून बसायला दुसरं कुणी नव्हतं. विहारामागची खोली, एक सतरंजी, एक फळा. माझी नातही तिथंच यायची. तिची आई, म्हणजे माझी लेक, नात तान्ही असताना काविळीनं गेली. बापानं दुसरं लग्न केलं नि हडपसरकडं राहायला गेला. पोरीचं तोंड बघायला कधी आला नाही. मीच वाढवली. मला आईच म्हणते.

वस्तीला लागून रेल्वेचे रूळ, म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. रोज बालवाडी सुटताना एकेक पोर माझ्याजवळ उभं करायचं नि मोठ्यानं विचारायचं, "न्यायला कोण आलंय?" पोरानं बोट दाखवून सांगायचं, आई, आजोबा, जे असेल ते. मग पोराचा हात त्यांच्या हातात द्यायचा. तिथं माझी जबाबदारी संपली. नातीची पाळी आली की मी चपला घालून उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहायचे. ती "आई आलीय" म्हणत उडी मारायची. बाया हसायच्या.

ती पहिलीत जायची होती त्या वर्षी, शेवटच्या दिवशी, आयांच्या गर्दीमागं जावई उभा दिसला. हातात फुगा.

कशाला आलाय ते न विचारता कळलं. कायद्यानं बाप म्हणजे बाप. माझ्याकडं एक कागद नव्हता. तरी जावई माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"कसं काय येणं केलं?"

"मामी, पोरीला न्यायला आलोय. तिकडंच घालतो पहिलीत."

मी पोरं सोपवायला लागले. एवढं सावकाश काम मी कधी केलं नसेल. याचं नाक पूस, त्याचं बटण लाव. पण पोरं ती किती, संपलीच.

नात माझ्याकडं बघत होती, मी चपला घालीन म्हणून. मी घातल्या नाहीत. सगळ्यांना विचारलं तसं तिलाही विचारावंच लागलं. "न्यायला कोण आलंय?"

जावई उठला. "मी तुझा पप्पा."

पोरीचं तोंड असं फुललं! दुसऱ्यांचे पप्पा वर्षभर बघितलेले. "माझे पप्पा आलेत!" म्हणून ओरडली नि पळत जाऊन त्याचं बोट धरलं.

माझीच पद्धत. पोरानं सांगितलं की झालं.

बघते तर एकही बाई गेली नव्हती. आमच्या शेजारची होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "का हो दाजी, इतक्या वर्षांत खडकीची बस मिळाली नाही वाटतं?"

"संसार असतो ना मागं. आता बाळ झालंय. बायको कामाला जाते, बाळापाशी कुणी नाही. हिची तेवढीच मदत."

"अन् शाळा?"

"घालू की. बाळ जरा मोठं होऊ दे."

शेजारीण पोराला मांडीवर घेऊन दारातच बसली. तिच्या बाजूला दुसरी बसली. मग तिसरी. "आम्हाला काय घाई नाही," शेजारीण म्हणाली. "फॅक्टरीचा भोंगा होईल आता. आमचे मालक जेवायला येतात, तेही भेटतील तुम्हाला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "शाळेत घातल्याचं दाखवा आधी, मग न्या."

पोरीच्या हातातून त्यानं बोट सोडवून घेतलं. फुगा तिला दिला. "वकील घेऊन येतो," म्हणाला नि बायांच्या मधून वाट काढत गेला.

पोर त्याच्यामागं रडत पळाली. मी कमरेला धरली तर मलाच मारायला लागली. "माझ्या पप्पांना का घालवलंस?" मी धरून ठेवली.

सगळी सुट्टी दाराला आतून कडी. कुणी हाक मारली तरी आधी फटीतून बघायचे. जूनमध्ये मोठ्या शाळेत घातली, तेव्हा तिथल्या बाईंना म्हणलं, माझ्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.

"आजी, बाप आला तर आम्हाला अडवता येत नाही."

"बरं," म्हणलं नि गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बसले, शाळा सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही बसले. बालवाडी मग शेजारणीच्या जावेनं घेतली.

पोर आता पाचवीत आहे. मला म्हणते, आई, पोरी हसतात, तू घरी जा. तो अजून आलेला नाही. मी थोडी लांब, रिक्षा स्टँडपाशी बसते आता, तिला दिसणार नाही अशी.