ब्रिज कोर्सवाले

आम्ही वर्गातली मंडळी अजूनही कुणाच्या तरी लग्नात नाहीतर भंडाऱ्याच्या बसस्टँडवर भेटतो. नोकरी, लेकरंबाळं, गुडघेदुखी हे सगळं दोन वाक्यांत आटोपतं. मग कुणीतरी म्हणतं, "सरांचा तो फोन आठवते का?" झालं, समोरची बस निघून जाते. हे किस्से आम्ही काही जमवले नाहीत. धानात तण उगवतं तसे ते उगवले आणि निंदायला कुणाला वेळ झाला नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात नाट्यशास्त्राचं एम.ए. नवंनवं निघालं. नाटक पाहत आमच्याकडे सगळेच वाढतात, पण नाटकात पदवी घेतलेला माणूस आणायचा कुठून? म्हणून कुठल्याही विषयाचा पदवीधर घ्यायचे आणि आधी एक वर्ष ब्रिज कोर्स करवून घ्यायचे. शिकवायला पुण्याहून आपटे सर आले होते. त्यांना आमची नावं पाठ होईनात, म्हणून ते विषयानं हाक मारायचे. मी केमिस्ट्री. चिखल्याचा मिलिंद, खाणकामगाराचा मुलगा, तो जिऑलॉजी. दिघोरीची प्रमिला, धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी, ती कॉमर्स.

*

मी कोंढ्याचा. घरी सांगितलं, "ब्रिज कोर्सले ॲडमिशन भेटली." बाबांनी ते आपल्या समजुतीनं गावभर सांगितलं.

पुढच्या रविवारी घरी गेलो तर ओसरीत सरपंच चहा पीत बसलेले.

"चाल गा बाबू, नाल्यावरचा पूल पाहून दे. मधात भेग पडली."

"सरपंचजी, मी पुलाचं नाही शिकून राहिलो."

"मंग कायचं?"

"नाटकाचं."

सरपंचांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, "नाटक नोको करू. पूल पाह्य."

*

शरीर सैल सोडायचा एक व्यायाम असे. सतरंजीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, काही झालं तरी हलायचं नाही. पंखा खडखडतो म्हणून बंद, रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्याही बंद. सर स्वतः कोपऱ्यात भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेले.

त्या दिवशी मिलिंदचे वडील काही कामानं भंडाऱ्याला आले होते. पोराला भेटावं म्हणून त्यांनी वर्गाचं दार ढकललं. बंद खोली, जमिनीवर पडलेली माणसं. जन्मभर खाणीत खाली उतरलेला माणूस तो. असं दृश्य पाहिल्यावर तो विचार करत बसत नाही.

"हवा खराब झाली! बाहेर काढा सगळ्यायले!" असं ओरडत त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या आणि दाराजवळ मी होतो, म्हणून माझेच पाय धरून मला व्हरांड्यात ओढत नेलं. हलू नका असं सरांनी बजावलं होतं, म्हणून मी हललो नाही. त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

तेवढ्यात मिलिंद उठला. "बाबा, बाबा, हा व्यायाम होय."

ते तिथंच पायरीवर बसले. मिलिंदचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. दम खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "झोपाचा व्यायाम?"

"हो."

"मंग त्याच्यासाठी गाव कायले सोडलं?"

*

याच मिलिंदला प्रेमाचा प्रवेश आला. चिखल्यात खाणीच्या गाड्यांच्या घरघरीवरून बोलायची लहानपणापासून सवय, त्यामुळे त्याचा आवाज खणखणीत. समोर प्रमिला. वाक्य एकच: "माझ्याशी लग्न करशील?" सर म्हणाले, "जिऑलॉजी, हे कुजबुजून म्हणायचं आहे." त्यानं कुजबुजून म्हटलं. सर म्हणाले, "अजून हळू." पुन्हा म्हटलं. सकाळभर तेच चाललं.

शेवटी कँटीनचे काका चहाची किटली घेऊन वर आले. कँटीन आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. किटली टेबलावर ठेवून ते प्रमिलाला म्हणाले, "बाई, आता हो म्हणून टाका. सकाळपासून इचारून राहिला बिचारा."

*

आता सरांचा फोन. आल्या आल्या सर आमचं 'मले-तुले' दुरुस्त करायचे. "मले नाही, मला." आम्ही रंगमंचावर 'मला' म्हणायचो, खाली उतरलो की 'मले'. दुसऱ्या वर्षापर्यंत कोण कुणाला दुरुस्त करतंय हे सांगता येईना.

सुट्ट्या लागायच्या होत्या. सरांच्या पत्नीचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. आम्ही परीक्षेच्या अर्जावर सह्या घ्यायला तिथंच उभे होतो. बाईंनी विचारलं असावं, कधी येताय? सर सहज बोलून गेले, "अगं, येऊन राहिलो ना."

आमच्याकडे याचा अर्थ 'येतोच आहे'. पुण्यात तसा नाही. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. सर गडबडले.

"नाही, नाही. कुणाकडे राहिलो नाही. इथंच आहे. म्हणजे निघून राहिलो... अगं, ऐकून तर घे, मी समजावून राहिलो ना."

त्याच आठवड्यात बाई स्वतः भंडारा रोड स्टेशनवर गाडीतून उतरल्या.

*

एका शोकनाटकात स्मशानाचं दृश्य होतं. सरांना धूर हवा होता. ते म्हणाले, "केमिस्ट्री, हे तुझं काम." मी खूश. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी पदवी कुणाला तरी उपयोगी पडत होती. मी बी.एस्सी.ची आठवण काढून एक मिश्रण तयार केलं. धूर सुरेख निघाला, पांढराशुभ्र. फक्त तो वर गेला नाही. रंगमंचावरून उतरला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्राचार्य रुमालात तोंड घालून बसले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: 'या प्रसंगी प्रेक्षकांना अश्रू अनावर झाले.'

ते कात्रण सरांनी फळ्यावर लावलं. खाली माझं नाव लिहिलं, या वेळी खरं नाव.

*

मूकाभिनयाची परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक मोठे शिस्तीचे, पांढरे बूट घालून आलेले. प्रमिलानं विषय घेतला रोवणीचा. तिनं पदर खोचला, चिखलात पाय घातला आणि वाकली. धानाची रोपं लावत माणूस मागे मागे सरकतो, तशी ती सरकू लागली. पाय रुतायचा, ती उपसून काढायची.

परीक्षक म्हणाले, "वेळ झाली, थांबा."

ती वाकूनच म्हणाली, "एवढी बांधी होऊ द्या."

बांधी म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. तो परीक्षकांच्या टेबलाखालून पुढे जात होता. प्रमिला लावत लावत टेबलापर्यंत आली. परीक्षकांनी दोन्ही बूट उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

*

प्रमिलाच्या वडिलांनी तिला कोर्स करू दिला तो एका अटीवर. "चार भिंतीत काय कराचं ते कर. लोकाइसमोर उभी राहाची नाही." म्हणून ती नाटकात प्रॉम्प्टर असायची. पडद्यामागे बसून सगळ्यांची वाक्यं तिला पाठ.

शेवटचं नाटक आम्ही गावोगावी करणार होतो. पहिला खेळ दिघोरीच्या शाळेच्या पटांगणात, दुपारी. नाटकात एक हट्टी बाप होता, मुलीला काही बोलूच न देणारा. ती भूमिका माझी. आणि त्याच सकाळी माझी अक्कलदाढ अशी सुजली की तोंड उघडेना.

सर एकेकाकडे बघत होते. प्रमिला म्हणाली, "मले पाठ आहे."

सर म्हणाले, "तुझे वडील पहिल्या रांगेत बसणार आहेत."

"मी पोरगी म्हणून कुठं उभी राहून राहिली? बाप म्हणून उभी राहतो."

तिनं माझं धोतर नेसलं, मिशी लावली, खांद्यावर दुपट्टा टाकला. मी गालाला मफलर बांधून विंगेत बसलो. ती रंगमंचावर गेली आणि माझ्या भूमिकेतलं काहीच उरलं नाही. ती बसायची कशी, तर एक गुडघा वर करून. खाकरायची दोनदा. आणि मुलीनं काही विचारलं की उत्तर न देता बिडी पेटवायची, ती संपेपर्यंत आढ्याकडे पाहत राहायची. हे आमच्या संहितेत कुठंच नव्हतं.

पहिल्या बिडीला पटांगणात कुजबुज झाली. दुसऱ्या बिडीला लोक हसू लागले. तिसरीला कुणी रंगमंचाकडे पाहतच नव्हतं. सगळं दिघोरी पहिल्या रांगेकडे वळून पाहत होतं, तिथं प्रमिलाचे वडील एक गुडघा वर करून बसले होते. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

नाटक संपलं. टाळ्या थांबेनात. प्रमिला आत येऊन बाकावर बसली. तिनं मिशीला हात लावला नाही. म्हणाली, "आता येतील."

ते आले. सर पुढे होऊन काही सांगायला लागले, पण त्यांनी हातानं थांबवलं. त्यांनी लेकीच्या मिशीकडे पाहिलं. मग दोनदा खाकरले.

"उद्याचा खेळ कुठं आहे?"

"लाखांदूरले," प्रमिला म्हणाली.

"त्याच्यात ते बिडीचं काढून टाकजो."

"काहून, बाबा?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बिडीचा कट्टा आणि माचिस काढली आणि रंगाच्या डब्यांशेजारी आरशासमोर ठेवली.

"सोडली मी."