बर्फावर कूलर कशाला?

रविवार, ९ फेब्रुवारी

ब्लॉगवर वर्षभर काही लिहिलं नाही, माफ करा. लिहिण्यासारखं काही घडलं नाही हे खरं कारण. आणखी हवी असतील तर बनवून देईन.

आता घडलं. माझी आई भंडाऱ्याहून आमच्याकडे शॉमबर्गला आली. तिचा जन्म तळ्यातल्या मासोळीवर गेलेला. इथली फ्रोजन मासोळी पाहून म्हणाली, "हे मढं हाये. मी नाही खात." मागच्या आठवड्यात म्हणाली, "माझं तिकीट अलीकडे कर." मी घाबरले. ताजी मासोळी पोटात गेली की आई जूनपर्यंत राहील, असा माझा हिशेब. पण सध्या तळी गोठलेली. म्हणून बर्फाला भोक पाडून मासेमारी, आणि तीही स्वस्तात, कारण माझा नवरा नितीन.

जाणाऱ्यांसाठी सांगते. उत्तरेला दोन तास ड्राइव्ह केलं की विस्कॉन्सिनमधलं तळं. परराज्यातल्यांना एका दिवसाचं लायसन्स ऑनलाइन मिळतं. भोक पाडायचा हाताचा ड्रिल आमिषाच्या दुकानात भाड्याने मिळतो. बर्फ पुरेसा जाड आहे का, तेही तिथेच विचारा. ते फुकट आहे. बसायला उलटी बादली पुरते. तंबू नको, असं नितीनचं मत होतं. तंबू घ्या.

निघताना मी मासे ठेवायला कूलरची जाड पेटी उचलली.

"बर्फावर कूलर कशाला, यार? अख्खं तळंच कूलर आहे," नितीन म्हणाला.

मला पटलं. आम्ही दोघंही इंजिनियर आहोत.

तळ्यावर शेजारच्या भोकापाशी दोन म्हाताऱ्या बहिणी बादल्यांवर बसल्या होत्या. त्यांनी आमच्या तिखट पुऱ्या खाल्ल्या आणि दोघींच्या मिळून तीन नवऱ्यांबद्दल सांगितलं. दुपारी पट्ट्यापट्ट्यांचे तीन पर्च मासे मिळाले. मी ते कौतुकाने बर्फावर मांडले. चहा पिऊन बघते तर तिन्ही लाकडासारखे. नितीनने एक बादलीवर ठोकला, टक्क वाजलं.

मग दिसलं की तळ्यावर प्रत्येकाजवळ कूलर आहे. मासे गोठू नयेत म्हणून.

परतताना माशांची पिशवी गाडीच्या हीटरसमोर ठेवली. "आईंना सांगायचं नाही," नितीन म्हणाला. मी विचार करत राहिले. पकडला तेव्हा ताजाच होता. मधला एक टप्पा गाळला तर खोटं होतं का? घर येईस्तोवर मासे मऊ झाले, मी झाले नाही.

आईने कल्ला उचलून पाहिला, अंगठ्याने दाबलं. "काऊन वं, हेही फ्रोजनच?"

मी सगळं सांगून टाकलं: कूलर, बादल्या, बहिणी, नवरे. तिने रस्सा केला. ताटात घेतला, अर्धाच खाल्ला.

"त्या बाया तिथं रोज असतेत?"

"दर शनिवारी, म्हणाल्या."

"मग मले घेऊन चाल. इथं खिडकीतून दिवसभर माणूस दिसत नाही."

"त्या इंग्रजीत बोलतात, आई."

"बोलू दे. नवऱ्याच्या गोष्टी कळतेत मले."

"आणि तिकीट?"

"राहू दे जूनचंच."

ती मासोळी म्हणत होती आणि मी मासोळीच ऐकत राहिले, इतके आठवडे. रस्सा मात्र नितीनने संपवला.

उद्याचं काम: आईच्या मापाचे बर्फातले बूट बघणे.