विहिरीतल्या सुया

वहिनीच्या शोकेसमध्ये एक दगड आहे. काल आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हा टकला दगड कशाला ठेवलाय?"

"अहो, आमच्या विहिरीतला आहे तो. त्याच्यावर सुया होत्या," वहिनी म्हणाली.

होत्या खऱ्या. विहिरीत सुरुंग लावला तेव्हा काळ्या कातळात एक पोकळी उघडली. आत केसाएवढ्या बारीक, पांढऱ्याशुभ्र सुयांचे झुबके होते. आम्ही वाकून बघतच राहिलो. मग हे काय आहे ते ओळखायची घाई झाली. कुणी गारगोटी म्हणून नखाने ओरखडलं, कुणी चुनखडी म्हणून लिंबू पिळलं, फेस येतो का बघायला. एकाने तर मीठ समजून जीभही लावली.

दादाचे एक मित्र भूगर्भशास्त्र शिकवतात. ते आले तोवर हातात हा तुकडाच उरला होता. "झिओलाइट," ते म्हणाले. "लाव्हा थंड होताना बुडबुडे राहतात, त्यांत झिरपत्या पाण्यानं वाढतं." खनिज ओरखडून, घासून, चाखूनच ओळखतात, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे आमची रीत चुकली नव्हती. पण अंधारात युगानुयुगं वाढलेलं काहीतरी आम्हाला एका दुपारीत ओळखायचं होतं. नुसतं बघत बसावं, हे कुणालाच सुचलं नाही.

दगडाच्या एका कोपऱ्यात एक झुबका कालपर्यंत शिल्लक होता. पाहुण्यांनी शोकेसमध्ये हात घालून त्यावरून अंगठा फिरवला आणि पांढरी भुकटी पँटला पुसली.

"धूळ फार बसलीय हो."

वहिनीने शोकेसची काच हळूच सरकवून घेतली.