सहदेवनं दुसऱ्यांदा विचारलं

इंग्रजी अमलातली गोष्ट. अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णा नदीच्या काठाला सहदेवची भाजीपाल्याची बाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजारात नेऊन विकायचं, हा बापापासूनचा धंदा. माणूस सरळ, पण एक खोड वाईट. एका शब्दावर त्याचं कधी भागायचंच नाही. बियाणं घेताना, बैल घेताना, लेकाची सोयरीक जुळवताना, समोरच्यानं हो म्हटलं की हा पुन्हा विचारणारच, "पक्कं ना?" बाजारात लोक त्याला पक्का सहदेवच म्हणत.

बायको जयवंता. जन्मात तिनं विडीला हात लावला नाही, तंबाखू खाल्ला नाही. तरी चाळिशीत खोकला जडला, थुंकीत रक्त दिसू लागलं. क्षय आहे म्हणून सासूनं, मनकर्णाबाईनं, तिचं ताट वेगळं केलं आणि अंथरूण बाडीतल्या झोपडीत नेऊन टाकलं. घरात लेकाची, गोवर्धनची, तान्ही पोरगी होती. तेव्हा म्हातारीला तरी काय बोलावं? पण वर्षभर ती बाई एकटी राहिली. सोबतीला पाच कोंबड्या. घरात त्या सासूला कधी चालल्या नसत्या, बाडीत चालून गेल्या. नातीला ती बांधावरून बघायची आणि पदर तोंडाला लावून परत फिरायची.

पुढं कोणी सांगितलं, अमरावतीच्या दवाखान्यात छातीचा फोटो निघतो. सहदेव तिला घेऊन बडनेऱ्याला गाडी बदलून गेला. डॉक्टर तरुण होता. फोटो उजेडासमोर धरून त्यानं नीट पाहिला.

"क्षय नाही," तो म्हणाला. "फुप्फुसात गाठ आहे. कर्करोग. याला औषध नाही, बाबा. पण हा लागत नाही कोणाला. घरी न्या यांना, लेकरंबाळं जवळ बसू द्या."

जयवंता तेवढ्यावर उठली. मरणाचं तिनं ऐकलंच नाही जणू, घराचं तेवढं ऐकलं. वर्षात पहिल्यांदा तिच्या तोंडावर उजेड आला. बोचकं काखेत मारून ती दारापाशी जाऊन उभी राहिली.

आणि या शहाण्यानं तोंड उघडलं.

"पक्कं ना, डाक्टरसाहेब?"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, तिथंच सगळा घात झाला. "आम्ही तसंच मानतो," तो म्हणाला. "अमेरिकेत एकानं कोंबडीच्या गाठीचा रस गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ झाली. भिंगातूनही दिसणार नाही असं काहीतरी त्यात होतं. माणसात तसं काही सापडलेलं नाही. पण उद्या काय निघेल, हे मी शपथेवर कसं सांगू?"

जयवंतानं बोचकं खाली ठेवलं.

घरी येऊन सहदेवनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर गाळलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. मनकर्णाबाईनं त्यातली कोंबडी तेवढी धरली.

"मंग त्या कोंबड्याईनंच लावलं तिले," म्हातारी म्हणाली. "अन् लागत नाई, असं तो डाक्टरबी पक्कं सांगून नाई राह्यला. पोरीच्या जिवावर मी घर उघडू काय?"

दुसऱ्या दिवशी गोवर्धन पाचही कोंबड्या टोपल्यात कोंबून बाजारात विकून आला. जयवंता झोपडीतच राहिली, आता अगदीच एकटी.

सहदेवला जेवण जाईना. आठ दिवसांनी तो भाकरी घेऊन झोपडीत गेला. तिच्या ताटात वाढली, समोर बसला आणि त्याच ताटातला एक घास मोडून घेतला. लग्नापासून ताट वेगळं होईपर्यंत ती त्याच्या उष्ट्या ताटात जेवत आली होती. आज त्याला तिच्या ताटात जेवायचं होतं. काय व्हायचं ते होवो, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

जयवंतानं ताट हळूच आपल्याकडं ओढलं.

"थांबा," ती म्हणाली. "लागत नाई, हे तुमाले पक्कं मालूम हाय ना?"

ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. सहदेवच्या हातातला घास हातातच राहिला. हो म्हणायला एक शब्द पुरे होता, आणि तो काही त्याच्या तोंडातून निघाला नाही.

त्यानं घास परत ताटात ठेवला. पौषात जयवंता त्या झोपडीतच वारली.