चौथ्या घराला नकार

आमची आई हेप्झिबा एकोणिसाव्या वर्षी इंग्लंडहून जहाजानं समुद्रापलीकडच्या या नव्या मुलखात आली, एका कापडवाल्याच्या घरची मोलकरीण म्हणून. बंदरावर तिला आमचा बाप भेटला, जेबेझ टर्न्ली. लग्न झाल्यावर त्यांनी समुद्राकाठी पहिलं घर बांधलं. सहा वर्षांनी बाप म्हणाला, शेजारी फार झाले. दुसरं घर दोन दिवसांच्या वाटेवर, रानात. तिथं नऊ वर्षं. तिसरं या नदीकाठी, जिथं मी जन्मले. इथल्या शेतात आमच्या आधी इथल्या मूळच्या लोकांचा मका उभा असायचा. ती माणसं देवीच्या साथीत गेली, उरली ती उत्तरेकडे हुसकली गेली. आई त्याबद्दल फारसं बोलत नसे.

प्रत्येक जागी झाडं तोडायची, खुंट जाळायचे, दगड वेचायचे. थंडी सरली की जमीन पुन्हा नवे दगड वर ढकलायची. पहिल्या घरामागे आईची दोन लेकरं पुरलेली, दुसऱ्यामागे एक.

मी चौदा वर्षांची असताना एका सकाळी बाप म्हणाला, "वर, उगमाकडे जमीन मिळतेय."

आई मक्याचं पीठ कालवत होती. "कुणी सांगितलं?"

"लोक बघून आलेत. काळीभोर, लोण्यासारखी."

"मागच्या खेपेलाही लोणीच होतं. माझी नखं गेली त्या लोण्यात."

"अगं, पोरांसाठीच करतोय ना!"

"कुठल्या पोरांसाठी? मागं ठेवून आलो त्यांच्यासाठी?"

बापानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "आवराआवर कर. पानगळीआधी निघू."

"तुम्ही जा. मी नाही येत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच बहुतेक बापाला तो खरा वाटला नाही. त्यानं महिनाभर वाट पाहिली, मग बैल आणि बिनचाकांची घसरगाडी घेऊन एकटाच गेला.

गावात बभ्रा झाला. रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी आईला सगळ्यांसमोर उभं केलं. नवऱ्यामागं जाणं हे बायकोचं कर्तव्य, म्हणाले.

"गेले होते की, बाबा. तीनदा गेले."

"मग आता काय झालं?"

"दमले."

"पश्चात्ताप होतो का?"

"तेवढंही त्राण नाही. बसू का आता? गुडघे दुखतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. पाद्रीबाबांनी मानेनंच तिला बसायला सांगितलं. पुढे वर्षभर तिला चर्चमध्ये सगळ्यांना वाटतात ती प्रभूभोजनाची पवित्र भाकरी मिळाली नाही.

त्या हिवाळ्यात लाकडं मीच फोडली. मार्चमध्ये बाप परतला, चालत. बैल मेला होता, डाव्या पायाची दोन बोटं थंडीनं झडली होती. आईनं काही न विचारता पाणी तापवलं आणि त्याचे पाय घमेल्यात घेतले.

"दगडच आहेत गं तिथंही," तो म्हणाला.

"असणारच."

त्यानंतर तो पाच वर्षं जगला आणि कुठं जायचं नाव काढलं नाही. तो गेल्यावर मी एकदा विचारलं, "आई, ते परत आले नसते तर? भीती नाही वाटली?"

ती लोकर पिंजत होती. "भ्यायलाही अंगात जोर लागतो, बाई," म्हणाली, आणि उरलेली लोकर माझ्या मांडीवर टाकून पडायला गेली.